उपचारानंतर यकृतातली गाठ जिवंत आहे की मेली: कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत कसं ठरवायचं

यकृताच्या कर्करोगावर उपचार झाल्यावर साध्या सोनोग्राफीत गाठ केवढी दिसते यावरून फारसं काही कळत नाही. ॲब्लेशन, म्हणजे सुई घालून गाठ उष्णतेने जाळण्याचा उपचार, झाल्यावर जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठाच दिसतो आणि तो तसा दिसायलाच हवा, कारण गाठीभोवतीचं किमान 5 मिमी यकृतही जाळायचं असतं. टीएसीई, म्हणजे गाठीची रक्तवाहिनी औषधासकट बंद करण्याचा उपचार, झाल्यावर पूर्ण मेलेली गाठ कित्येक महिने जवळपास त्याच मापाची राहू शकते. तिचा रंगपोतही भरवशाचा नाही: मेलेला भाग पांढरट, काळपट, मिश्र कसाही दिसतो. कलर डॉपलरमध्ये प्रवाह दिसला तर उत्तमच, पण दिसला नाही म्हणून गाठ मेली असं म्हणता येत नाही. बारीक वाहिन्यांतला संथ प्रवाह डॉपलरच्या हाती लागत नाही, आणि डाव्या लोबमध्ये हृदयाच्या ठोक्यांमुळे पडद्यावर नुसते रंगाचे फटकारे येतात.

तेव्हा प्रश्न आकाराचा नाही, रक्ताचा आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे यकृताच्या पेशींतच सुरू होणाऱ्या कर्करोगाची, गाठ मात्र बहुतांशी हिपॅटिक आर्टरीवर जगते, म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती आजूबाजूच्या यकृताच्या आधी उजळते. सोनोग्राफीचा कॉन्ट्रास्ट म्हणजे वायू भरलेले काही मायक्रॉन व्यासाचे बुडबुडे. ते रक्तवाहिनीच्या बाहेर जातच नाहीत. सीटी आणि एमआरआयचा कॉन्ट्रास्ट वाहिनीबाहेर झिरपतो, हा झिरपत नाही. त्यामुळे इथला नियम कडक आहे. मेलेल्या भागात एकही बुडबुडा जाता कामा नये, आणि जिथे बुडबुडे सरकताना दिसतात तिथे वाहिनी चालू आहे. (इथलं सगळं विवेचन हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमापुरतं आहे. दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेल्या गाठी वेगळ्या वागतात.)

तपासणी कधी

रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह ॲब्लेशन संपताच तिथे वायूचा पांढरा ढग जमतो आणि त्यामागचं काहीही दिसत नाही. किमान 10 ते 15 मिनिटं थांबा. ढग विरला आणि कडेला उजळणारा तुकडा सापडला तर त्याच बैठकीत पुन्हा सुई घालता येते, हा या तपासणीचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा आहे. मात्र टेबलावर सगळं ठीक दिसलं म्हणजे उपचार यशस्वी झाला असा निष्कर्ष काढू नका. वायू पूर्ण गेलेला नसतो, कडेला जखमेचा लालसरपणा असतो. खरा निकाल महिन्याभराच्या तपासणीचा.

टीएसीईनंतर सीटी किंवा एमआरआय साधारण महिन्याने करतात. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी एक ते दोन आठवड्यांतही करता येते, आणि इथे तिचं पारडं जड आहे. टीएसीईत औषधासोबत वापरलं जाणारं लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल सीटीवर इतकं पांढरं दिसतं की त्याच्या आड उरलेल्या गाठीचं उजळणं झाकलं जातं. बुडबुड्यांच्या हालचालीवर लिपिओडॉलचा तसा परिणाम होत नाही.

यिट्रियम-90 सारख्या किरणोत्सारी उपचाराची गोष्ट निराळी. तिथे पेशी मरायला महिने लागतात, गाठ तीन ते सहा महिने उजळत राहू शकते आणि तरीही उपचार लागू पडलेला असू शकतो. एसीआरने (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी) 2024 मध्ये कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीसाठी काढलेली लाय-रॅड्सची, म्हणजे यकृताच्या गाठींचा रिपोर्ट ठरावीक वर्गांत देण्याच्या नियमावलीची, उपचार-प्रतिसाद पद्धत किरणोत्सारी उपचार वगळूनच आहे. अशा रुग्णात लवकर केलेल्या तपासणीवरून 'गाठ जिवंत' असा शेरा मारू नका.

सुई टोचण्यापूर्वी

आधीचा सीटी किंवा एमआरआय आणि उपचारापूर्वीच्या सोनोग्राफीच्या क्लिप समोर उघडून बसा. रिपोर्ट वाचून भागत नाही, चित्रं पाहायला हवीत. गाठ कोणत्या सेगमेंटमध्ये होती, तिला लागून कोणती हिपॅटिक व्हेन किंवा पोर्टल शाखा होती, उपचारापूर्वी ती सगळी उजळत होती की काही भाग आधीपासूनच मृत होता, हे माहीत हवं. आधीपासून न उजळणाऱ्या गाठीत उपचारानंतर उजळणं नाही याला काही अर्थ नाही.

उरलेला कर्करोग कुठे सापडेल याचा अंदाजही इथेच बांधायचा. ॲब्लेशनमध्ये 3 मिमीपेक्षा जाड वाहिनी गाठीला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूच्या पेशी वाचतात. म्हणून पहिली नजर त्या वाहिनीकडच्या कडेवर. टीएसीईमध्ये डायफ्रामला लागून असलेल्या गाठीला उजव्या इन्फिरियर फ्रेनिक आर्टरीसारख्या यकृताबाहेरच्या वाहिनीतून रक्त मिळत असेल, तर हिपॅटिक आर्टरीची शाखा बंद करूनही वरची कड जिवंत राहते.

मग साध्या चित्रात गाठ नीट शोधा. उजव्या लोबसाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून बघा. प्रोबची दिशा निवडताना एक युक्ती कामाची आहे: श्वासाबरोबर यकृत वर-खाली सरकतं, म्हणून त्याच दिशेतला उभा छेद घ्या. मग गाठ चित्रातल्या चित्रात सरकते. आडव्या छेदात ती चित्राबाहेर निघून जाते आणि नेमके मोलाचे सेकंद वाया जातात. रुग्णाला खोल श्वास धरायला लावू नका. 30 सेकंदांनी तो सुटतो आणि मोठी हालचाल होते. हलका, उथळ श्वास चालू ठेवायला सांगा आणि एकदा सराव करून घ्या.

मशीन कॉन्ट्रास्ट मोडमध्ये, दोन चित्रं शेजारी शेजारी. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या बुडबुड्यांसाठी मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरींच्या जोराचा आकडा) 0.1 च्या खाली, फोकस गाठीच्या खाली, फ्रेम रेट सेकंदाला किमान 10. गेन (चित्राची उजळी) असा लावा की कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी चित्र जवळजवळ काळं असावं, डायफ्रामसारख्या ठळक रेषा तेवढ्या अंधुक दिसाव्यात.

आता जी पायरी हमखास गाळली जाते ती: कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी, कॉन्ट्रास्ट मोडमध्येच, गाठीची 5 ते 10 सेकंदांची क्लिप साठवा. लिपिओडॉल, उरलेला वायू, कॅल्शियम आणि जळालेल्या भागाचा पांढरा गाभा हे सगळे या मोडमध्येही थोडे चमकतात. ही क्लिप नसेल तर नंतर ती चमक कॉन्ट्रास्टची की मुळातली, हे कुणालाच सांगता येणार नाही. अशी गाठ विनाकारण 'जिवंत' ठरते आणि रुग्णावर नको तो उपचार पुन्हा होतो.

कॉन्ट्रास्ट देणं

सल्फर हेक्झाफ्लोराइडची, म्हणजे सोनोव्ह्यूची, कुपी 5 मिली सलाईनने तयार होते आणि 20 सेकंद जोरात हलवावी लागते. तयार द्रव दुधाळ दिसतो आणि 6 तास चालतो. बुडबुडे वर तरंगतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सिरिंजमध्ये ओढण्याआधी कुपी पुन्हा हलवा, आणि ओढलेला डोस लगेच द्या. यकृतासाठी ठरलेला डोस 2.4 मिली, म्हणजे एका कुपीत दोन इंजेक्शनं. नव्या, संवेदनशील मशीनवर 1.2 मिलीही पुरतो. डोस जास्त झाला तर चित्र अधिक चांगलं होत नाही. पुढच्या भागातच बुडबुड्यांची इतकी गर्दी होते की मागे सावली पडते.

कोपराच्या शिरेत 20 गेजची कॅन्युला. फार बारीक सुईतून दाबाने ढकलल्यास बुडबुडे फुटतात. त्याच कारणाने तीन तोंडांच्या स्टॉपकॉकवर कॉन्ट्रास्टची सिरिंज सरळ रेषेतल्या तोंडाला आणि सलाईनची काटकोनातल्या तोंडाला लावा. कॉन्ट्रास्ट दिल्यावर लागलीच 5 ते 10 मिली सलाईन. घड्याळ सलाईन द्यायला सुरुवात होताच चालू करा, आणि दरवेळी तिथेच करा. तुलना सेकंदांची आहे.

मूत्रपिंडाच्या तपासण्यांसाठी थांबायची गरज नाही. यात आयोडीन नाही, वायू फुप्फुसातून श्वासावाटे निघून जातो. इटलीतल्या 23,000 हून अधिक पोटाच्या तपासण्यांच्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गंभीर प्रतिक्रियांचं प्रमाण 0.0086 टक्के होतं. तरी ॲनाफिलॅक्सिसची औषधं हाताशी हवीतच. रुग्णाला पूर्वी याच कॉन्ट्रास्टची किंवा मॅक्रोगॉलची, म्हणजे पीईजीची, ॲलर्जी झाली होती का हे विचारा. फुप्फुसातला रक्तदाब फार वाढलेला असेल किंवा हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर हृदयतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय देऊ नका.

पहिले चाळीस सेकंद

साधारण 10 ते 20 सेकंदांनी हिपॅटिक आर्टरी चमकते. इथून 30 ते 45 सेकंदांपर्यंत आर्टिरियल फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट आर्टरीतून येण्याचा टप्पा, मग 2 मिनिटांपर्यंत पोर्टल, त्यानंतर लेट फेज. हृदय कमजोर असेल तर सगळंच उशिरा येतं, म्हणून घड्याळापेक्षा आर्टरी कधी भरली याकडे लक्ष ठेवा.

पहिलं पूर्ण मिनिट प्रोब हलवू नका आणि सलग रेकॉर्डिंग करा. गाठीचा सर्वांत संशयित छेद आधीच धरून ठेवलेला असतो, त्यातच थांबायचं. उरलेला कर्करोग असा दिसतो: काळ्या, मृत गोळ्याच्या एका कडेला एखादा ठिपका चमकतो, दोन-तीन सेकंदांत त्याला फांद्या फुटतात, आणि बाजूचं यकृत अजून काळं असतानाच तिथे चंद्रकोरीच्या किंवा छोट्या गोटीच्या आकाराचा तुकडा भरून निघतो. पुढच्या 10-15 सेकंदांत यकृत उजळतं आणि तो तुकडा त्यात मिसळून दिसेनासा होतो. थेट पाहताना डोळा चुकतोच. म्हणून इंजेक्शन संपल्यावर हीच क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पुन्हा पाहा.

एक मिनिटानंतर सलग स्कॅन करू नका, ध्वनिलहरींनी बुडबुडे फुटत राहतात. दर 30 सेकंदांनी 5-10 सेकंद पाहा, 4 ते 6 मिनिटांपर्यंत. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचा वॉशआऊट, म्हणजे उजळलेली गाठ नंतर यकृतापेक्षा काळी पडणं, 60 सेकंदांनंतर आणि सौम्य असतो, घाईत सोडून दिला तर हुकतो. लेट फेजमध्ये संपूर्ण यकृतावरून एकदा प्रोब फिरवा. नवी काळी जागा दिसली तर दुसऱ्या इंजेक्शनने तिचा आर्टिरियल फेज पाहा. दोन इंजेक्शनांमध्ये 10 मिनिटांचं अंतर ठेवा. एक इंजेक्शन म्हणजे एका गाठीचा आर्टिरियल फेज, हे गणित पक्कं लक्षात असू द्या. तीन गाठींवर उपचार झाले असतील तर सर्वांत संशयित गाठ आधी.

पर्फ्लुरोब्युटेनचा सोनाझॉइड वापरत असाल तर एक टप्पा वाढतो. हे बुडबुडे यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात, त्यामुळे 10 मिनिटांनंतर निरोगी यकृत उजळ राहतं आणि गाठ काळी दिसते. त्या काळ्या जागेवर दुसरा डोस देऊन ती आर्टरीतून भरते का पाहायचं. भरली तर जिवंत. डोस किलोमागे 0.015 मिली, मेकॅनिकल इंडेक्स 0.2 च्या आसपास. त्याच्या कवचात अंड्यापासून मिळवलेला घटक आहे, अंड्याची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला देत नाहीत.

डोळ्याला फसवणाऱ्या गोष्टी

ॲब्लेशननंतर जळालेल्या भागाभोवती पातळ, सगळीकडे सारख्या जाडीचं उजळ कडं दिसतं. ती जखम भरतानाची सूज आणि रक्तसंचय, महिनाभरात ओसरते. कर्करोग एकसारखा नसतो. तो एका जागी जाड, गाठीसारखा आत किंवा बाहेर फुगलेला असतो आणि नंतर वॉशआऊट होतो. शंका राहिली तर लगेच निकाल देऊ नका, महिन्याने पुन्हा पाहा.

सुईच्या वाटेवर पाचरीच्या आकाराचा पट्टा लवकर उजळतो, वॉशआऊट होत नाही. आर्टरी आणि पोर्टल व्हेन यांच्यातली ती जोडवाट आहे, कर्करोग नव्हे. कडं जाड, आत वायूचे ठिपके आणि रुग्णाला ताप असेल तर गळवाचा विचार करा.

भरपूर बुडबुडे असलेल्या भागाच्या मागे, खोलवर, खोटी चमक दिसते. मृत गाठीचा मागचा भाग असा 'जिवंत' भासतो. ओळखायचं असं: खऱ्या उजळण्यात ठिपके सरकतात, खोटी चमक नुसती स्थिर गढूळ असते. डोस निम्मा करून दुसऱ्या बाजूने पाहिलं की उलगडा होतो. उलट चूकही होते: पुढच्या दोन सेंमीत बुडबुडे फुटून जातात आणि जिवंत भाग काळा दिसतो.

पोर्टल व्हेनमध्ये गुठळी असेल तर तिच्यावरही नजर टाका. साधी गुठळी कधीच उजळत नाही, कर्करोगाची आर्टिरियल फेजमध्ये उजळते. तिकडे दुर्लक्ष झालं तर गाठीचा निकाल बरोबर असूनही रिपोर्ट चुकतो.

मोजमाप आणि निकाल

एमरेसिस्ट हा उपचाराचा प्रतिसाद मोजण्याचा निकष 2010 साली सीटी आणि एमआरआयसाठी आला. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत त्याचंच तत्त्व वापरतात: पूर्ण गाठ मोजायची नाही, आर्टिरियल फेजमध्ये उजळणारा भाग तेवढाच मोजायचा, आणि मधला मृत पट्टा ओलांडून रेघ ओढायची नाही. समजा उपचारापूर्वी उजळणारा भाग 42 मिमी होता. आता सगळा गोळा 46 मिमी दिसतो, पण त्यातली उजळणारी कड 25 मिमी आहे. आकाराने पाहिलं तर वाढ, प्रत्यक्षात जिवंत भाग 40 टक्क्यांनी घटला आहे. घट 30 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अंशतः प्रतिसाद, उजळणं पूर्ण थांबलं तर पूर्ण प्रतिसाद. 20 टक्के किंवा अधिक वाढ, मग ती उपचार सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत कमी मापाच्या तुलनेत मोजायची, म्हणजे आजार वाढला. या दोहोंच्या मधलं ते स्थिर. अनेक गाठींवर उपचार झाले असतील तर हे टक्के निवडलेल्या गाठींच्या मापांच्या बेरजेवर काढतात.

लाय-रॅड्समध्ये प्रत्येक गाठीला वेगळा शेरा असतो: जिवंत, मृत, संदिग्ध, किंवा तपासता न येणारी. 'संदिग्ध' लिहायला संकोचू नका, पण 'तपासता आली नाही' त्याच्याशी मिसळू नका. पहिल्यात नीट पाहूनही ठरत नाही, दुसऱ्यात नीट पाहताच आलेलं नाही. पुढचा निर्णय दोन्हींत वेगळा असतो.

ॲब्लेशनमध्ये 'उजळत नाही' एवढं पुरेसं नाही, सुरक्षित कड किती मिळाली हेही लागतं. जळालेल्या भागात मूळ गाठीची सीमा बहुधा दिसत नाही, म्हणून आधीचा सीटी आणि आताची सोनोग्राफी एकावर एक बसवणारी फ्यूजनची सोय असेल तर वापरा. नसेल तर आधी टिपून ठेवलेल्या वाहिनीपासूनचं अंतर दोन्ही वेळी मोजा.

रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांवर असलेल्या रुग्णात गाठ आकसण्याआधी तिचा रक्तपुरवठा घटतो. तिथे वेळ-तीव्रतेचा आलेख काढून वक्राखालचं क्षेत्र, शिखर आणि शिखरापर्यंतचा वेळ मोजता येतो. पण हे आकडे फार नाजूक आहेत. मशीन, प्रोब, छेद, खोली, गेन, डोस आणि इंजेक्शनचा वेग यांतलं काहीही बदललं तर तुलना बाद. पहिल्या भेटीतच सेटिंग नावासह साठवून ठेवा. मोजणी पडद्यावरच्या नेहमीच्या व्हिडिओवर करू नका, त्यात तीव्रता दाबलेली असते. मशीनचा मूळ डेटा वापरा, आणि त्याच खोलीवरच्या यकृताचा तुकडा संदर्भासाठी मोजा.

रिपोर्टमध्ये काय हवं, आणि सीटी-एमआरआयकडे कधी पाठवायचं

प्रत्येक गाठीसाठी: सेगमेंट, कोणता उपचार आणि किती दिवसांपूर्वी, कॉन्ट्रास्टचं नाव व डोस, पूर्ण गोळ्याचं माप, उजळणाऱ्या भागाचं माप व नेमकी जागा, वॉशआऊट कितव्या सेकंदाला सुरू झाला, आणि गाठीचा किती भाग दिसलाच नाही. "मागची वरची कड, हिपॅटिक व्हेनलगत, 14 मिमी" असं लिहिलं तर पुढची सुई कुठे घालायची ते कळतं. "अवशिष्ट कर्करोगाची शक्यता" एवढ्याने काही कळत नाही.

गाठ त्वचेपासून 10-12 सेंमीपेक्षा खोल, यकृतात भरपूर चरबी, डायफ्रामच्या घुमटाखालची फुप्फुसाआड गेलेली गाठ, आतड्यातला वायू, श्वास आवरू न शकणारा रुग्ण: यांत न दिसलेलं उजळणं नाहीच असं समजू नका. थेट एमआरआयला पाठवा. सगळं स्वच्छ दिसलं तरी नव्या गाठी शोधण्यासाठी सीटी किंवा एमआरआय ठरलेल्या वेळी व्हायलाच हवेत, कारण बुडबुड्यांचा आर्टिरियल फेज एका वेळी यकृताच्या एकाच तुकड्याचा मिळतो. अल्फा-फीटोप्रोटीन (या कर्करोगात रक्तात वाढणारं प्रथिन) आधी वाढलेलं होतं, उपचारानंतर उतरलं आणि आता पुन्हा चढतंय, पण उपचार केलेली गाठ काळीच आहे, अशा वेळी त्याच गाठीवर तिसरं इंजेक्शन देत बसू नका. कर्करोग बहुधा दुसरीकडे आहे.